बिनलग्नाचे वाक्प्रचार

सर,

हे पत्र लिहायचं मी फार दिवस टाळलं. बोअरच्या ट्रकवर चढलो त्या आठवड्यातच मनात आलं होतं. पहिल्या गावी म्हटलं, पुढच्या गावी लिहू. पुढच्या गावी हॉटेलात बसून कोरा कागद मागून घेतला, तर भजी अशी कढईतून उतरलेली, की तो कागद भजी धरण्यातच गेला. पण भज्यांवर कशाला ढकलू? खरं कारण वेगळं आहे. तुम्ही असता तर सगळ्यात आधी विचारलं असतं, "काय रे, साहेब लोक हे खरंच असं बोलतात का?" आणि त्याचं उत्तर मला मिळालेलं होतं. म्हणूनच लिहीत नव्हतो.

तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत जाणार होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडे राहात्याला होतो, त्यामुळे मला काहीच कळलं नाही, तुम्हाला पोचवायलाही आलो नाही. जूनमध्ये शाळेत आलो तर तुमच्या खुर्चीवर दुसरे सर, आणि फळ्यावर ओळीनं वाक्प्रचार, त्यापुढे अर्थ, त्यापुढे वाक्य. उतरवून घ्या म्हणाले. दिवाळीपर्यंत उतरवून घेतलं आणि मग शाळेत गेलोच नाही. पुढं साखर कारखान्यावर उसाच्या गाड्या लावल्या, तमाशाच्या ट्रकवर क्लीनर झालो, नगरच्या स्टँडवर टोपल्या उचलल्या. तमाशाच्या ट्रकवरचं एक सांगण्यासारखं आहे, पण ते सांगायला बसलो तर हे राहील. माझे पाय एका जागी ठरत नाहीत हे तुम्हाला सांगायला नको. वर्गातसुद्धा मी पाणी पिऊन येतो म्हणून उठायचो आणि अर्धं जामखेड फिरून यायचो.

आत्ता बसलोय ती वस्ती खर्ड्याच्या अलीकडं आहे. कडुलिंबाखाली बसलोय, पानं आहेत तेवढी सावली आहे. दुष्काळाचं तुम्हाला काय सांगायचं, तुमची उभी नोकरी जामखेडात झाली. पण हा दुष्काळ तुम्ही पाहिलेला नाही. विहिरींचे तळ झाडून घेतल्यासारखे स्वच्छ झालेत. गुरं छावणीत, माणसं खडी फोडायला, आणि चुलीवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, तिच्या भाकरीला पापुद्रा म्हणून येत नाही. अशात विलायतेहून एक साहेब आला, जमिनीत भोक पाडून पाणी काढायचं यंत्र घेऊन. ते यंत्र ट्रकवरच बसवलेलं आहे, ट्रक जाईल तिथं जातं. साहेबाला गावातल्या लोकांशी बोलायला माणूस पाहिजे होता. नगरला ज्या गोडाऊनमध्ये मी पोती उचलत होतो तिथं तो आला, आणि पंप उतरवताना हमाल घाई करायला लागले तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "स्लो अँड स्टेडी विन्स द रेस." साहेबानं मागं वळून पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून मी दुभाषी.

सर, शनिवारची सकाळची शाळा मला अजून दिसते. शेवटचा तास तुमचा. तुम्ही तपकिरीची चिमूट ओढता, रुमाल झटकता आणि म्हणता, "चला, सोयरिकीला बसा." वर्गाचे दोन भाग. खिडकीकडचे वरपक्ष, भिंतीकडचे वधूपक्ष. इंग्रजी वाक्प्रचार म्हणजे लांबून आलेला नवरा मुलगा. तुम्ही त्याला फळ्यावर उभा करायचात, त्याचं घराणं सांगायचात, तो कुठं बोलतात, कुणापुढं बोलू नये. मग आम्ही घरून आणलेल्या म्हणी, बोलणी, आयांचे टोमणे, सगळं पुढं करायचं. जुळलं तर लग्न. नाही जुळलं तर पोरगी परत घरी. अंथरूण पाहून पाय पसरणारीचं लग्न 'कट युअर कोट' बरोबर कसं झटक्यात झालं होतं, आणि 'अ बॅड वर्कमन' ला वाकड्या अंगणाची मिळाली तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी तोंडानं सनई वाजवली होती. कोळशाच्या गावाला कोळसा नेणाऱ्या 'कॅरी कोल्स टू न्यूकॅसल' च्या वेळी मात्र कुणालाच काही सुचेना. मी उठून म्हणालो, "सर, माझा मामा म्हणतो, राहात्याला ऊस कशाला न्यायचा?" तुम्ही खडू खाली ठेवला. म्हणालात, "ही पोरगी पुस्तकातली नाही, घरची आहे. द्या हिला." आणि कोटाच्या खिशातून शेंगदाण्यांची मूठ काढून माझ्या हातावर ठेवलीत. मला शाळेत मिळालेलं बक्षीस ते तेवढंच.

'रेनिंग कॅट्स अँड डॉग्स' चं लग्न काही जमलं नाही. एक नान्नजकडचा मुलगा उभा राहून म्हणाला, "सर, आमच्याकडं तसा पाऊसच न्हाई, मंग पोरगी कुठनं आनू?" सगळे हसले. तुम्हीही हसलात, पण त्याला खाली बसवलं नाहीत. म्हणालात, "बरोबर बोलतोय तो. जे पाहिलं नाही त्याचं बोलणं घरात जन्माला येत नाही. ह्याला राहू दे बिनलग्नाचा." फळ्याच्या कोपऱ्यात अशा बिनलग्नाच्यांची जागा होती आणि ती पुसायची कुणाची टाप नव्हती.

तुम्हाला शंका आली की तुम्ही ती घरी न्यायचात. म्हणायचात, "काकूंना विचारू." दोन खोल्यांचं भाड्याचं घर, आत चुलीशी काकू, आणि उंबऱ्यावर आम्ही तिघं-चौघं बसलेले. एकदा तुम्ही 'ब्रेक द आइस' घेऊन गेलात. काकू भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "बर्फ? म्हणजे यात्रेत गोळेवाला फोडतो तो?" तुम्ही समजावून सांगितलंत, की अनोळखी माणसं एकत्र आली आणि अवघडून बसली, की कुणीतरी काहीतरी बोलून ते अवघडलेपण मोडतं. काकूंनी भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला आणि म्हणाल्या, "एवढंच ना? आपल्याकडं बोलून नाही मोडत. नवे पाहुणे आले की आधी गूळपाणी होतं, मग तोंडं उघडतात. तुमच्या साहेबांकडं गूळ नसेल." तुम्ही इतके हसलात की ठसका लागला, आणि ते गूळपाणी सोमवारी फळ्यावर चढलं. सोमवारी सोयरीक नसायची, पण तुम्हाला शनिवारपर्यंत दम निघाला नाही.

मला तुम्ही रागावलात ते एकदाच. सहामाहीला 'माझे गाव' असा इंग्रजी निबंध होता. मी त्यात ठेवणीतले सगळे वाक्प्रचार घातले. नदी, देऊळ, बाजार, प्रत्येकाला दोन दोन. मला वाटलं, सर पेपर वर्गाला वाचून दाखवणार. तुम्ही वाचून दाखवलात खरा, पण वाचून झाल्यावर चष्मा काढून म्हणालात, "अरे, वाजंत्री आली, वऱ्हाडी आले, करवल्या आल्या. नवरा कुठाय?" मला समजेना. "तुझं गाव कुठाय ह्यात? तुझ्या गावाला ओढा आहे की नाही? तो कसा आहे? ते सांगायचं सोडून दुसऱ्यांच्या मांडवात काय नाचतोस?" मी पुढचे दोन शनिवार शाळेला दांडी मारली आणि खर्ड्याच्या किल्ल्यावर जाऊन बसलो. तिसऱ्या शनिवारी तुम्ही वरपक्षात माझी जागा मोकळी ठेवली होतीत.

आणि तो तपासणीचा दिवस. आमच्या खोलीच्या खिडक्यांना दारं नव्हती. उन्हाळ्यात वावटळ उठली की फळा दिसायचा नाही, सगळा वर्ग डोळे चोळत बसायचा. तपासणीला मोठे साहेब आले, आपलेच, पण इंग्रजीतून बोलणारे. आम्ही सगळे कान टवकारून बसलो, की आता सर आपली वाक्प्रचारांची पेटी उघडणार. तुम्ही उभे राहिलात आणि अगदी साध्या, पहिल्या पुस्तकातल्या इंग्रजीत म्हणालात, "सर, डस्ट कम्स इन. बॉईज कॅनॉट सी. वी वाँट विंडोज." एवढंच. ते साहेब गेल्यावर मीच विचारलं, "सर, एकपण वाक्प्रचार घातला नाहीत?" तुम्ही म्हणालात, "मागायचं असेल तेव्हा वाक्प्रचार घालू नये. वाक्प्रचार पोट भरल्यावर. सजवून मागितलं की समोरच्याला वाटतं, ह्याला एवढी घाई नाही." खिडक्या आल्या त्या तुम्ही गेल्यावर, पण आल्या.

आता ते उत्तर सांगून टाकतो. सर, साहेब ते बोलत नाही. तुमच्या पेटीतले निम्म्याहून जास्त त्यानं ऐकलेलेसुद्धा नव्हते. एका संध्याकाळी ट्रकच्या फळीवर बसून मी त्याला एकेक म्हणून दाखवले, तर तो पायावर थापा मारून हसला. म्हणाला, तुझं इंग्रजी रविवारी देवळात जायच्या कपड्यांसारखं आहे, इस्त्रीचं, घडी न मोडलेलं. कोणी शिकवलं? मी म्हणालो, आमचे सर. ते कुठं शिकले? मी म्हणालो, पुस्तकातून, ते आयुष्यात इंग्रज माणसाशी एक शब्द बोललेले नाहीत. त्यावर त्याचं हसू थांबलं. मांजरं-कुत्र्यांचा पाऊस माहीत होता त्याला, पण म्हणाला, असं परदेशी लोकच म्हणतात, आम्ही नुसतं म्हणतो, पाऊस पडतोय. मला इतकं वाईट वाटलं सर, की त्या रात्री जेवलो नाही. तुम्हाला हे कसं सांगायचं, म्हणून हे पत्र गावोगाव पुढं ढकलत आलो.

पण न्यूकॅसल आहे हो, सर. खरंच आहे! तुम्ही म्हणायचात, मी पाहिलं नाही, जामखेडात कुणी पाहिलं नाही, आपण विश्वासावर चालू. साहेबाचा बाप तिथनं जवळच कोळशाच्या खाणीत होता. मी राहात्याच्या उसाची सोयरीक सांगितली तेव्हा त्यानं ती दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतली आणि ड्रायव्हरला म्हणून दाखवली, "राहाटा, ऊस!" ड्रायव्हर बिचारा गाडी राहात्याकडं वळवायची का म्हणून विचारायला लागला. तेव्हापासून साहेबही सोयरिकीला बसतो. त्याचे ताजे वाक्प्रचार वेगळेच आहेत. काम सोपं असलं की तो म्हणतो 'पीस ऑफ केक.' मी त्याला हातचा मळ दिला. दिवसाचं काम आवरलं की 'कॉल इट अ डे,' त्याला अजून जोडी सापडलेली नाही. तुमच्या फळ्याच्या कोपऱ्यात तो मी मनातल्या मनात लिहून ठेवलाय.

कुठून कुठं गेलो. ह्या वस्तीचं सांगायचं होतं.

इथं पाच-सात घरं, सगळी शेतकऱ्यांची, एकाच भावकीतली. वस्तीचा कारभार एका बाईच्या हातात आहे, तिला सगळे आक्का म्हणतात. चाळिशी उलटलेली, नवरा खडीच्या कामावर मुकादमाकडं, आणि हिचा आवाज ओढ्यापलीकडं जातो. मला पहिल्या दिवसापासून 'ए इंग्रजा' म्हणते. आक्काची सून बाळंतपणाला माहेरी गेली ती आलीच नाही. मुलगा झाला. आक्का एकदा बघून आली, तर विहिणीनं तिच्या हातावर पाणी घालता घालता म्हटलं, "ईनबाई, आमच्याकडं निदान हे तरी हाय." आणि व्याही म्हणाले, तुमच्याकडं पाणी झालं की सांगा, लेक धाडतो. आक्कानं हे मला एकदा सांगितलं, ज्वारी निवडल्यासारखं, वर न बघता. साहेबाचं यंत्र वस्तीवर आलं तेव्हा तिनं त्याला हळदकुंकू लावलं.

भोक पाडलं. सकाळपासून दुपारपर्यंत नुसती पांढरी भुकटी उडत होती. मांडवात रांगोळी सांडावी तशी सगळ्यांच्या डोक्यावर बसली. शेवटी साहेबानं हात वर केला आणि यंत्र थांबलं.

"ए इंग्रजा, काय म्हनतोय त्यो?"

"आक्का, इथं पाणी नाही म्हणतात. सगळा दगड आहे."

"दगुड हाय ते आमाला म्हाईत हाय. दगडावरच नांदलो आमी. त्याला म्हनावं, दुसरीकडं पाड. कुठंबी पाड, पन पाड."

"एका वस्तीला एकच, असा हुकूम आहे."

"हुकूम कुनाचा?"

"वरचा."

आक्कानं मान वर करून आभाळाकडं बघितलं. "वर कोन बसलंय? वर तर ढगबी न्हाई."

बाया हसल्या, पण ती हसत नव्हती. माझ्याकडं बघत होती. मी साहेबाकडं गेलो आणि तुमच्या पेटीतला सगळ्यात चांगला काढला, एकही दगड उलथायचा ठेवू नये तो. म्हणालो, "साहेब, वी मस्ट लीव्ह नो स्टोन अनटर्न्ड." साहेब दमलेला होता. भुकटीनं पांढऱ्या झालेल्या तोंडानं हसला आणि म्हणाला, सकाळपासून मी दुसरं काय करतोय? आणि पाइप उतरवायला सांगितलं. तेव्हा मला ती बिनदारांची खिडकी आठवली. मी त्याच्यापुढं जाऊन उभा राहिलो. माझं इंग्रजी तेव्हा पहिल्या पुस्तकातलं झालं. म्हणालो, साहेब, ह्या बाईला नातू झालाय. तो दुसऱ्या गावी आहे. इथं पाणी नाही, म्हणून त्याला पाठवत नाहीत. दुसरं भोक पाडा. साहेबानं हातातला पाना खाली ठेवला. आक्काकडं बघितलं. आक्कानं पदर सारखा केला. मग तो म्हणाला, "आय विल सी व्हॉट आय कॅन डू."

आता सर, ह्याची सोयरीक तुम्हीसुद्धा सोपी म्हणाल. 'बघतो काय करता येतं ते.' शब्दाला शब्द बसतो. पण आपल्या तालुक्यात साहेब लोकांनी 'बघतो' म्हटलं की माणूस चप्पल शोधायला लागतो. कचेरीतला 'बघतो' म्हणजे उद्या येऊ नकोस. ते मी आक्काला सांगितलं असतं तर तिनं यंत्राकडं पाठ केली असती, आणि साहेबाच्या तोंडावर तर तसं नव्हतं. म्हणून मी सांगितलं, "येतो म्हणतात."

"कवा?"

मला काय ठाऊक? साहेबाला विचारलं. तो म्हणाला, पुढच्या दोन गावांची बोअर लवकर झाली तर मधल्या वेळात येईन. मी ते तसंच्या तसं सांगितलं. आक्का विचार करत उभी राहिली. मग म्हणाली, "मंग इसार ठिवून जाय म्हनावं."

बाजारात सौदा ठरला आणि माल नंतर न्यायचा असला, की हातावर काहीतरी टेकवून जायचं, म्हणजे बोलणं पक्कं, हे तुम्हाला सांगायला नको. पण साहेबाकडून इसार कसला घ्यायचा? आक्कानं माझ्याकडं बोट केलं. "ह्याला ठिव. ह्याच्याबिगर त्याचं पान हलत न्हाई. हा हितं हाय म्हंजे त्यो येतोय." सगळी वस्ती खदखदून हसली. साहेब विचारायला लागला, काय झालं, काय झालं? मी सोयरीक शोधायला गेलोच नाही. सरळ सांगितलं, ही मला ठेवून घेतेय, तुम्ही परत येईपर्यंत. तो आधी मोठ्यानं हसला. मग आक्का हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, "फेअर इनफ" म्हणाला, आणि ट्रकवरून माझी पिशवी स्वतः उतरवून आक्काच्या ओट्यावर आणून ठेवली.

तेव्हापासून मी इथं आहे. आठवडा उलटून गेला. पाळीपाळीनं एकेका घरी जेवतो. बाया एकमेकींना ओरडून विचारतात, "इसार जेवला का गं?" टँकर आला की रांगेत हंडे लावतो, दोर ओढतो, पोरांना न्यूकॅसलचं सांगतो. कुठंही इतके दिवस एका जागी बसून राहिलो नव्हतो. पहिले दिवस मजेचे गेले. मग बाया ओढ्याच्या वाटेकडं बघायच्या बंद झाल्या, आणि मला 'इंग्रजा' म्हणून हाक मारताना आवाज उतरायला लागला. आक्काची हाक तेवढी तशीच राहिली. परवा टँकरवाल्यानं सांगितलं, बोअरची गाडी पार बीडच्या अंगाला गेली म्हणे. आक्का तिथंच होती. हंडा डोक्यावर घेऊन गेली.

आज सकाळी मी पिशवी भरली, सर. दुपारच्या टँकरबरोबर जामखेड गाठायचं, तिथनं पुढं कुठंही. आक्कानं पिशवी बघितली.

"भरली व्हय?"

"धुतलेले कपडे ठेवलेत, आक्का."

"व्हय, घड्या झाक घातल्यास." मग चुलीकडं वळून म्हणाली, "जायचं तर जा बाबा. तुला कुनी दावं लावलं न्हाई. इसार बुडतोबी कंदी कंदी. मानूस कशाला बुडवायचं त्यापायी?"

ती शिव्या देती तर बरं झालं असतं. टँकर यायचाय, तोवर काय करायचं, म्हणून अखेर हा कागद काढला. बाकी सगळं सांगून झालंय. तुम्ही असता तर विचारावंसं होतं, की 'येतो म्हणतात' हे मी बरोबर सांगितलं की चूक? साहेबानं तसं म्हटलं नव्हतं. पण त्याच्या तोंडावर जे होतं त्याला आपल्याकडं दुसरा शब्द मला सापडला नाही. तुम्ही चष्मा काढला असता. काकू आतून काहीतरी म्हणाल्या असत्या. हे पत्र घालायला पेटी नाही, आणि असती तरी पत्ता काय लिहिणार? टँकरची धूळ दिसतेय बहुतेक, ओढ्याच्या अंगानं

टँकर नव्हे.

सर, घाईनं लिहितोय. दोर शोधायला सगळे पळालेत, तेवढाच वेळ आहे. धूळ नव्हतीच ती मोठी. एकटा माणूस चालत येत होता, गुडघ्यापर्यंत वाळूनं माखलेला, टोपी हातात, मान लालभडक. साहेब! मागं ट्रक नाही, ड्रायव्हर नाही, कुणी नाही. वस्तीच्या तोंडाशी पोरं खेळत होती, त्यांच्यापुढं थांबला, आणि बोलता तर येत नाही, म्हणून त्यानं दोन्ही हातांची बोटं कपाळाला लावून शिंगं केली. एकदा ओढ्याकडं दाखवलं, एकदा शिंगं. पोरं किंचाळत घरात. आक्का बाहेर आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ए इंग्रजा! ह्याला काय झालं? काय म्हनतोय त्यो?"

ट्रक ओढ्याच्या वाळूत रुतलाय. यंत्रासकट. काढायला बैल पाहिजेत.

मी सांगितलं. आक्कानं साहेबाला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, आणि तिचा तो आवाज, ओढ्यापलीकडं जाणारा, पुन्हा लागला. "बैल छावनीत हायेत म्हनावं. आमी हितं हाओत. चला गं, नाडे काढा, सोल काढा, घावंल ते काढा! आन त्याला आधी पानी द्या कुनीतरी."

पाणी दिलं त्याला. अर्धा तांब्या होता, त्यानं दोन घोट घेऊन परत केला.

जातो, सर, हाका मारतायत. एकच सांगायचं राहिलं. ती शिंगं बघितल्याबरोबर मला सगळं कळलं होतं. आक्कानं विचारलं तरी मी लगेच सांगितलं नाही. तो यंत्र घेऊन आलाय, हे थोडा वेळ मला एकट्याजवळ ठेवायचं होतं.